जुनी चालवावी, नवी आवरावी

पोरी, तुझ्या दारात नवी पोर्शे 911 उभी राहिली, आनंद झाला. माझ्या गॅरेजातली जुनीही यापुढे बहुतेक तूच फिरवणार, कारण तिचा क्लच माझ्या डाव्या गुडघ्याला झेपेनासा झालाय. दोन्ही गाड्या एका हाताने चालणार म्हटल्यावर काही गोष्टी आधी सांगून ठेवलेल्या बऱ्या.

माझी 1987 सालची कॅरेरा 3.2. तुझी 2020 ची, जिला कारखान्याच्या भाषेत 992 म्हणतात. दोघी इथल्याच, स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेनमधल्या. दोघींचं सहा सिलिंडरचं आडवं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. दोघी सुरू करायच्या त्या डाव्या हाताने. छपराचा उतारही तोच. आणि या सारखेपणामुळेच माणूस फसतो, एकीची सवय दुसरीला लावायला जातो.

आकडे बघ. माझी 231 अश्वशक्तीची, वजन बाराशे किलोच्या आसपास, गिअर पाच. तुझी 385 अश्वशक्तीची, दोन टर्बो, वजन दीड हजार किलो, गिअर आठ. शून्यापासून शंभरला माझी सहा सेकंदांहून किंचित जास्त घेते, तुझी 4.2. माझी 1652 मिलिमीटर रुंद, तुझी 1852. ब्लॅक फॉरेस्टमधल्या गावांतून समोरून ट्रॅक्टर आला की हे वीस सेंटिमीटर तुला फार जाणवतील.

मधल्या काळात काय काय झालं तेही लक्षात ठेव. 1989 मध्ये आलेल्या 964 मॉडेलने पॉवर स्टिअरिंग, एबीएस आणि कॉइल स्प्रिंग आणले. 1997 मध्ये हवेने थंड होणारं इंजिन जाऊन पाण्याने थंड होणारं आलं. 2008 मध्ये आपोआप गिअर बदलणारा पीडीके गिअरबॉक्स, 2011 मध्ये इलेक्ट्रिक स्टिअरिंग, 2015 मध्ये साध्या कॅरेरातही टर्बो. दर पायरीला ड्रायव्हरचं एकेक काम गाडीने आपल्याकडे घेतलं. त्यामुळे जुनी गाडी चालवायला शिकावं लागतं आणि नवी आवरायला. आता एकेक मंत्र घे.

1. आधी नीट बस

जुन्या गाडीत पेडल जमिनीतून वर आलेली आहेत आणि पुढच्या चाकाच्या कमानीमुळे थोडी उजवीकडे सरकलेली. पहिल्यांदा बसशील तेव्हा कंबर सरळ आणि पाय तिरके वाटतील. स्टिअरिंग वरखाली होत नाही, तेव्हा जुळवाजुळव करायची ती सीटनेच. हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं आणि क्लच पूर्ण दाबूनही गुडघा थोडा वाकलेला राहिला, की बैठक बरोबर. बूट पातळ तळव्याचे घाल. जाड तळव्याने एका वेळी दोन पेडल दाबली जातात आणि पायाला काही कळतही नाही.

या गाडीचे खांब बारीक आहेत आणि पुढचे दोन्ही मडगार्ड बसल्या जागेवरून दिसतात. त्यांच्यावर नजर ठेवून गाडी रस्त्यात हवी तिथे ठेवता येते. ती सवय लावून घे.

तुझ्या गाडीत सीट, स्टिअरिंग, आरसे सगळं हवं तसं हलतं. तिथे सांभाळायचं ते मधल्या स्क्रीनला. नकाशा, गाणी, एसी, ड्रायव्हिंग मोड, जे ठरवायचं ते गाडी उभी असताना ठरव. ताशी शंभरच्या वेगात दोन सेकंद नजर स्क्रीनवर गेली तर पंचावन्न मीटर रस्ता न बघता मागे पडतो.

2. तेल तापू दे

जुन्या गाडीला रेडिएटर नाही. तिला थंड ठेवतो तो मोठा पंखा आणि तेरा लिटरच्या घरातलं तेल. एवढं तेल तापायला वेळ लागतो. सुरू केल्यावर जागेवर उभी ठेवून घुरघुरत बसू नकोस, लगेच हळू निघ. पण तेलाच्या तापमानाचा काटा हलेपर्यंत तीन हजार आरपीएमच्या वर जाऊ नकोस. गार तेलात रेस केलेल्या इंजिनाची झीज दिसते कित्येक वर्षांनी, आणि बिल येतं एकदम.

तेलाची पातळी बघायची रीतही वेगळी आहे. साठा वेगळ्या टाकीत असतो, म्हणून इंजिन गरम हवं, चालू हवं आणि गाडी सपाटीवर हवी, तरच डिपस्टिक खरं सांगते. गार, बंद इंजिनात ती कोरडी निघाली म्हणून लोक वरून तेल ओततात. मग जास्तीचं तेल हवेच्या वाटेने इंजिनात जातं आणि मागे धुराचा लोट उठतो. डॅशबोर्डवरचा पातळीचा काटाही याच अटींवर विश्वासाचा. गाडी पळत असताना तो तळाला गेलेला दिसेल, दचकू नकोस. पळताना बघायचा तो तेलाच्या दाबाचा काटा.

तुझ्या गाडीत डिपस्टिकच नाही, पातळी पडद्यावर दिसते. पण मंत्र तोच. पाणी लवकर तापतं, तेल मागाहून. हीटरमधून गरम हवा आली म्हणजे इंजिन तयार झालं असं समजू नकोस, तेलाचं तापमान काढून बघ. आणि हायवेवर जोरात पळवून आणलीस तर शेवटची काही मिनिटं शांत चालव, टर्बोला निवायला वेळ दे.

3. गिअर घाईने टाकू नकोस

माझ्या मॉडेलमध्ये 1987 पासून जो गिअरबॉक्स आला त्याला जी 50 म्हणतात. आधीच्या 915 पेक्षा तो बराच सरळ आहे, पण आजच्या मानाने दांडा लांब फिरतो. न्यूट्रलमधून जाताना क्षणभर थांब आणि मग पुढच्या गिअरवर हलका दाब दे. तो आपणहून आत जातो. गार असताना दुसरा गिअर कुरकुर करील, तेव्हा जोर लावू नकोस. रिव्हर्स पहिल्या गिअरच्या डावीकडे, पुढे आहे. सिग्नलला घाईत पहिल्याऐवजी तोच पडू शकतो, म्हणून क्लच सोडण्याआधी दांडा कुठे आहे ते हाताने चाचपून घे.

गिअर खाली आणताना इंजिनाला थोडी रेस दे, म्हणजे चाकांना हिसका बसत नाही. आपल्याकडे घाटात जुन्या एसटीचे ड्रायव्हर डबल क्लच मारून हेच करायचे. माझ्या गाडीत ॲक्सिलरेटर जमिनीतून आलेला असल्याने ब्रेकवर पाय ठेवून त्याच पावलाच्या कडेने रेस देणं सोपं जातं. आधी गाडी बंद ठेवून पावलाची हालचाल बसव, मग रिकाम्या रस्त्यावर.

तुझं पीडीके हे सगळं तुझ्या आधी आणि तुझ्याहून चांगलं करतं. मात्र ते साध्या मोडमध्ये पेट्रोल वाचवायच्या मागे असतं, म्हणून भराभर वरचे गिअर घेत जातं. गाडीचा कमाल वेग सहाव्यातच येतो, सातवा आणि आठवा निवांत पळण्यासाठी. लांब उतारावर ते सगळं गाडीवर सोडू नकोस. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा आपल्या सह्याद्रीतला नियम आल्प्समध्येही चालतो. स्टिअरिंगमागची डावी पट्टी ओढ, गिअर खाली आण आणि ब्रेकला विश्रांती दे.

4. वळणात पाय उचलू नकोस

बाकी सगळं विसरलीस तरी हे विसरू नकोस.

माझ्या गाडीचं साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर आहे. बैलगाडी उलाळ झाली की जू हलकं होतं, तसं हिचं पुढचं टोक हलकं. सरळ रस्त्यावर त्याचा फायदा मिळतो. मागच्या चाकांना जमीन घट्ट धरता येते आणि गाडी जोरात सुटते. वळणात हिशेब फिरतो. मध्यावर वेग जास्त वाटला की माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो. सोडला की इंजिनच गाडीला रोखू लागतं, भार मागून पुढे सरकतो, मागच्या टायरांची पकड कमी होते आणि मागे लोंबणारं ते वजन सरळ जायला बघतं. मागची बाजू बाहेर निघते. त्यात ब्रेक मारला तर गाडी स्वतःभोवती फिरते.

यावरचा उपाय वळणाच्या आधी असतो. ब्रेक सरळ रस्त्यावर आटपून घे, गिअरही तिथेच खाली आण. ब्रेक एकदम सोडू नकोस, सावकाश सोड, म्हणजे वळवताना पुढच्या टायरांवर थोडा भार राहतो. वळवलं की ॲक्सिलरेटरवर पाय हलका टेकवून स्थिर ठेव. पुढचा रस्ता उलगडून दिसला की मग दाब. आत सावकाश, बाहेर जोरात. आत शिरल्यावर वेग जास्त आहे असं वाटलंच तर पाय झटकन काढू नकोस, हळूहळू कमी कर, आणि नजर जिथे जायचंय तिथे ठेव. झाडाकडे बघितलंस तर हातही झाडाकडेच जातील. मागची बाजू निघालीच तर ती ज्या बाजूला गेली त्याच बाजूला स्टिअरिंग फिरव, आणि गाडी सावरू लागताच तेवढ्याच चपळाईने परत आण. परत आणायला उशीर झाला की उलट्या बाजूला पहिल्यापेक्षा मोठा हिसका बसतो.

तुझ्या गाडीलाही हाच नियम लागू आहे, कारण इंजिन आहे तिथेच आहे. फरक आजूबाजूला पडलाय. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2272 मिलिमीटरवरून 2450 झालं. मागचा टायर माझा 225 मिलिमीटर रुंद, तुझा 295. मागचं सस्पेन्शन 1993 च्या मॉडेलपासून पूर्ण बदललं. आणि या सगळ्यावर पीएसएम, गाडी सावरणारी यंत्रणा. तू वळणात पाय उचललास तर ती एखाद्या चाकाला परस्पर ब्रेक लावते आणि तुला काही कळत नाही. चूक झाली, पण शिक्षा झाली नाही. अशा बऱ्याच चुका पचल्या की ती आपली हुशारी वाटू लागते. म्हणून डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चिन्ह लुकलुकलं की समज, आत्ताचं काम गाडीने केलं. पुढच्या वेळी त्या वळणात हळू जा.

पीएसएम बंद करायचं बटण सार्वजनिक रस्त्यावर तुझ्यासाठी नाही. न्युरबुर्गरिंगच्या 20.8 किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफवर पैसे भरून जाता येतं, तिथेही नको. तिथे अशा दिवशी वाहतुकीचे नियम लागू असतात, आणि पुष्कळ विमा पॉलिसी तिथलं नुकसान भरून देत नाहीत. जाण्याआधी आपली पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाच.

5. स्टिअरिंग आवळू नकोस

जुन्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. उभ्या गाडीत चाक वळवायला गेलीस तर खांदे भरून येतील. गाडी जरा सरकती ठेव आणि मग फिरव. वेग आला की तेच स्टिअरिंग हलकं होतं आणि हातात सारखं थरथरतं, खड्डा, फुटलेली कड, रस्त्याचा उतार, सगळं तळव्याला येऊन सांगतं. नवखा माणूस घाबरून ते घट्ट धरतो. घट्ट धरलं की बोटांना काही कळेनासं होतं आणि दंडही लवकर दमतात. हलक्या हाताने धर, थोडं हलू दे. पुढची पकड संपत आली की ते आधी हलकं पडतं. हाच तिचा इशारा, आणि तो बराच लवकर येतो.

तुझं इलेक्ट्रिक स्टिअरिंग नेमकं आहे, बोटभर फिरवलं की गाडी तेवढीच वळते. पण रस्त्याची बारीक कुरबुर मोटर मध्येच गाळून टाकते. त्यामुळे पकडीचा अंदाज तळहाताने घेऊ नकोस, बैठकीने घे. कंबरेला, पाठीला गाडी कशी ढळते ते जाणवतं. आणि डांबराचा रंग वाचायला शीक. झाडाखालचा काळा पट्टा ओला असतो. शेताच्या फाट्याशी चिखल असतो. ऑक्टोबरात वळणाच्या आतल्या बाजूला पानं साचतात.

6. ब्रेकचे दोन धडे

माझ्या गाडीत एबीएस नाही. जोरात दाबलं की पुढचं चाक अडकतं, आणि अडकलेलं चाक वळत नाही. स्टिअरिंग कितीही फिरव, गाडी सरळच जाणार. म्हणून दाब वाढवत न्यायचा, टायर किंचाळायला लागला की किंचित सोडायचा आणि पुन्हा धरायचा. हे तोंडी शिकवून येत नाही. एडीएसी या मोटारचालकांच्या संस्थेची सुरक्षित ड्रायव्हिंगची शिबिरं असतात, सरावाची मैदानंही असतात. तिथे ओल्या फरशीवर दिवसभर हेच कर.

तुझ्या गाडीत याच्या उलट. आणीबाणीत ब्रेकवर पूर्ण ताकदीने उभी राहा आणि पाय काढू नकोस. पेडल पायाखाली धडधडतं, ते एबीएसचं काम चालू असल्याची खूण. बरेच लोक त्या धडधडीने दचकून पाय ढिला करतात आणि थांबायचं अंतर वाढवून घेतात. जुन्या गाडीवर शिकलेल्यांकडून हे हमखास होतं, त्यामुळे शिबिरात दोन्ही गाड्या घेऊन जा.

आणि हिशेब पाठ असू दे. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट. उत्तम टायर आणि कोरडा रस्ता धरला तर ताशी शंभरवरून साधारण चाळीस मीटर लागतात, दोनशेवरून एकशे साठ. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा सेकंद यात धरलेला नाही. शंभरला तो अठ्ठावीस मीटर खातो, दोनशेला पंचावन्न. यात नव्या-जुन्याचा भेद नाही.

7. वेग काट्यावर बघ

जुनी गाडी शंभरला एकशे चाळीसचा आव आणते. पंख्याचा घरघराट, खिडकीच्या कडेने वारा, पाठीमागे सहा सिलिंडरचा खडखडाट. ताशी ऐंशीला जंगलाच्या रस्त्यावर इतकं काही घडत असतं की आणखी वेग मागावासा वाटत नाही. खरी गंमत याच वेगात आहे.

तुझी गाडी एकशे साठला दिवाणखान्यासारखी शांत असते. टर्बोमुळे दोन हजार आरपीएमच्या आतच पूर्ण ओढ मिळते, इंजिनाला ओरडावं लागत नाही. रस्ता 70 चा असतो आणि आपण कधी 110 वर गेलो ते कळत नाही. कानावर भरवसा ठेवू नकोस. वेगाचा आकडा नजरेसमोर मोठा दिसेल असा लाव आणि मर्यादेचा इशारा चालू ठेव. त्याची कटकट होईल, होऊ दे.

ऑटोबानवर काही भागांत मर्यादा नाही, पण 130 चा सल्ला सगळीकडे आहे. अपघातानंतर त्याहून जास्त वेग होता असं निघालं तर अंगावर काही जबाबदारी येऊ शकते. तू दोनशेने येतेस, उजव्या लेनमधला ट्रक ऐंशीने चाललाय, आणि त्याच्या मागची छोटी गाडी त्याला ओलांडायला तुझ्या लेनमध्ये येते. तुमच्यात तीनशे मीटर असले तरी ते नऊ सेकंदांत संपतात. त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला आरशात तू ठिपक्याएवढी दिसलेली असतेस. म्हणून पुढे ट्रकांची रांग दिसली की पाय आधीच हलका कर. उजवीकडून ओलांडायला तर इथे मनाईच आहे.

8. पावसात टायरचा विचार कर

रुंद टायर कोरड्यात राजा, साचलेल्या पाण्यात मात्र लवकर तरंगतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. तुझ्या गाडीत पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज टिपणारे सेन्सर आहेत. चाकाने उडवलेल्या पाण्याचा आवाज ऐकून ती तुला वेट मोड लावायला सुचवते. सुचवलं की लाव, मानापमानाचा प्रश्न करू नकोस. पण तो मोड टायरला नवी पकड देत नाही, फक्त इंजिन आणि सावरणारी यंत्रणा जास्त सावध करतो. टायरच्या खाचा झिजल्या असतील तर कुठलाही मोड उपयोगाचा नाही.

माझ्या गाडीत पावसात कोणी काही सुचवणार नाही. पुढचं टोक हलकं, वायपर जुन्या पद्धतीचे, काच आतून धुकटते. स्टिअरिंग अचानक हलकं वाटलं तर खाली पाणी आहे. तेव्हा स्टिअरिंग सरळ धर, ब्रेक नको, ॲक्सिलरेटर अगदी हळू कमी कर. आणि तापमान सातच्या खाली उतरलं की दोन्ही गाड्यांचे उन्हाळी टायर कडक होतात. तुझ्या गाडीला हिवाळी टायर लाव. माझी रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गॅरेजातच बरी.

9. नाक आणि डोळे उघडे ठेव

जुनी गाडी दुखणं आधी सांगते, फक्त ऐकणारं कोणी हवं. हीटरची हवा एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातून येते. हीटर लावल्यावर जळक्या तेलाचा वास आला तर तेल कुठेतरी गरम नळीवर ठिबकतंय. एक्झॉस्टचाच वास आला तर खिडक्या उघड, हीटर बंद कर आणि थेट गॅरेजला ने. तो वायू जिवावर बेतू शकतो. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीतून सुरू करताना निळसर धूर आला तर घाबरू नकोस, आडव्या इंजिनात थोडं तेल सिलिंडरमध्ये उतरतं. पण धूर गरम झाल्यावरही येत राहिला तर मिस्त्रीला दाखव. पेट्रोलचा वास मात्र कधीच चालवून घेऊ नकोस. मागे पेट्रोलच्या नळ्या आहेत आणि तिथेच तापलेलं इंजिनही आहे.

नवी गाडी सगळं पडद्यावर लिहून सांगते, म्हणून तिच्याभोवती चक्कर मारायचं लोक सोडून देतात. टायरच्या आतल्या कडेची झीज, रिमला बसलेला टोला, रुतलेला खिळा, हे सगळं वाकूनच बघावं लागतं. दोन्ही गाड्यांत स्टेपनीचा भरवसाही सोड. तुझ्यात ती नाहीच, हवेचा पंप आणि छिद्र बुजवायचा द्रव आहे. माझ्यातली घडीची आहे, पंपाने फुगवायची.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. जुनी गाडी कमी पळते, त्यामुळे टायर दिसायला नवे आणि रबर मात्र म्हातारं, असं होतं. सहा वर्षं उलटली की मी बदलतो, खाचा कितीही खोल असोत. ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी, गाडी उभी असली तरी. ते हवेतला ओलावा शोषतं आणि लांब उतारावर ऐन वेळी पेडल मऊ पडतं.

कागदांचंही ऐकून ठेव. माझ्या गाडीला तीस वर्षं उलटल्यामुळे नंबराच्या शेवटी एच अक्षर मिळालंय. वर्षाचा कर ठरलेला, 191.73 युरो, आणि शहरातल्या पर्यावरण क्षेत्रात जायला आडकाठी नाही. पण गाडी मूळ रूपात असावी ही अट आहे. तुला तिच्यात मोठा पडदा किंवा नवी चाकं बसवावीशी वाटतील. बसवू नकोस.

10. गाडी बदलली की पहिली दहा मिनिटं सावकाश

अंगाला सवय मागच्या गाडीची असते. तुझ्या गाडीतून उतरून माझ्यात बसलीस की ब्रेक लाकडासारखा वाटेल, गाडी थांबणार नाही असं वाटेल. ती थांबते, पाय जास्त लागतो. माझ्यातून तुझ्यात गेलीस की पहिल्याच ब्रेकला कपाळ पुढे येईल आणि ॲक्सिलरेटरला पाय लागताच गाडी उडी मारील. म्हणून गाडी बदलली की घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यावर एक फेरी मार, दोन-तीनदा ब्रेक दाबून बघ, मगच हायवेला लाग.

एकाच दिवशी दोन्ही चालवणार असशील तर आधी जुनी, मग नवी. जुनीने दिलेली शिस्त, सरळ रस्त्यावर ब्रेक, स्थिर पाय, लांब नजर, नवीत सगळीच्या सगळी कामाला येते. उलट क्रमाने गेलीस तर नवीचा बेफिकीरपणा जुनीत नेशील, आणि तिथे तो खपवून घेणारं कोणी नाही.

11. कामाप्रमाणे गाडी काढ

नोव्हेंबरच्या पावसात म्युनिकला जायचं असेल, सोबत सामान असेल, रात्री परतायचं असेल, तर तुझी काढ. तिच्या तोडीची गाडी मिळणं कठीण. रविवारी पहाटे बी 500 रस्त्याने, बाडेन-बाडेनहून फ्रॉयडनश्टाटकडे, मुम्मेलझे तळ्याच्या अंगाने जायचं असेल आणि पोचायची घाई नसेल, तर माझी काढ. मित्रमंडळींत कुठली चांगली असा वाद निघाला तर पडू नकोस. घड्याळ लावलं तर तुझी दर वेळी जिंकेल. माझी ज्या कामासाठी ठेवली आहे तिथे घड्याळ लागत नाही.

शेवटचं. कोणी शेजारी बसून “दाखव की जरा” म्हणालं, तर नवी गाडी सहज दाखवते आणि तिथेच घात होतो. अशा माणसाला जुनीत बसव आणि ताशी सत्तरने वळणावळणाच्या रस्त्यावर ने. त्याचं मन भरेल आणि तुझं लायसन्स शाबूत राहील.

तर येत्या शनिवारी ये, जुने पातळ बूट घालून. गाडी गरम करून सपाटीवर उभी करायची आणि चालू इंजिनात डिपस्टिक तू वाचायची. मी बाजूला उभा राहून बघेन. ते जमलं की पेट्रोल भरून तू पुढे हो, मी शेजारी बसतो.